लारा क्रॉफ्ट उत्तर भारतात येतेय! ट्रेलर बघून आनंद झाला की धाकधूक?

गोदाकाठची:

मंडळी, १२ डिसेंबरला शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी गेम अवॉर्ड्स, म्हणजे व्हिडिओ गेमांचा वार्षिक बक्षीस सोहळा, लावला. तिकडे लॉस एंजेलिसला ११ तारखेची संध्याकाळ, माझ्याकडे डब्यांची वेळ. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. लॅरियन या गेम कंपनीच्या नव्या 'डिव्हिनिटी'चा ट्रेलर लागला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. त्यात गावजत्रा चालू असते, एका माणसाला जिवंत जाळतात, आणि पुढे जे होतं ते मी इथे लिहीत नाही. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "सकाळी सकाळी हे काय गं?" मी आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'एक्स्पिडिशन ३३'ने वर्षाच्या सर्वोत्तम गेमसकट नऊ बक्षिसं नेली, छान झालं. 'कंट्रोल रेझोनंट'मध्ये अख्खं मॅनहॅटन दुमडून ठेवलंय, ते घेणार म्हणजे घेणार. स्टार वॉर्सच्या नव्या गेमला केसी हडसन या नावाजलेल्या गेम-दिग्दर्शकाचं नाव आहे, पण ट्रेलरमध्ये गेम कुठे दिसतोय? मेगामॅनचा नवा गेम भाच्यासाठी.

आणि मग टूम रेडर, आपल्या खजिने शोधणाऱ्या लारा क्रॉफ्टचा गेम. एक नाही, दोन! 'लेगसी ऑफ अटलांटिस' म्हणजे १९९६ च्या पहिल्या गेमचा नवा अवतार, २०२६ मध्ये. आणि २०२७ मध्ये 'कॅटलिस्ट', पूर्ण नवीन. लाराचा नवा आवाज अ‍ॅलिक्स विल्टन रेगनचा. 'कॅटलिस्ट' कुठे घडतो? उत्तर भारतात. काहीतरी पौराणिक प्रलय होतो, जुनी रहस्यं उघडी पडतात, त्यांचे राखणदार जागे होतात, आणि जगभरचे खजिनाचोर तिथे धावतात. आजवरचा सगळ्यात मोठा टूम रेडर म्हणतायत. माझी एक पोळी तव्यावर पापड झाली.

आता माझी गोष्ट ऐका, मग प्रश्न विचारते.

१९९९ साली मी दहावीत होते. दादाने मेनरोडवरून शंभर रुपयांत 'टूम रेडर ३'ची सीडी आणली. तेव्हा आम्ही सगळे 'टॉम्ब रायडर' म्हणायचो आणि कोणीही कोणाला सुधारत नव्हतं. तो गेम सुरूच होतो भारतात. लारा जंगलात एका लांबलचक घसरणीवरून खाली येते, मग वाघ, मग माकडं. ती माकडं मेडिपॅक (लाराची औषधाची पेटी) उचलून पळायची. दादा म्हणाला, "बघ, त्र्यंबकला गेलेत वाटतं हे लोक." आम्ही तेवढ्यावरच खूश! एवढ्या मोठ्या गेममध्ये आपला देश, आणि त्यातलं माकडसुद्धा बरोब्बर.

दुसरी लेव्हल टेम्पल रुइन्स. तिथे अंधारात सहा हातांची मूर्ती उभी असते. जवळ गेलं की जिवंत होते, सहाही हातांत तलवारी. गोळ्या झाडल्या की तलवारी आडव्या धरते. मी अगदी रंगात येऊन दोन्ही पिस्तुलं चालवत होते आणि मागे आजी जपमाळ घेऊन बसली होती. तिने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं भवाने, शंकरावर गोळ्या झाडतेस?"

मी कीबोर्डवरून हात काढले. लारा मेली.

ती मूर्ती शेवटी दादाने पाडली, आजी देवळात गेली असताना. मी दाराशी पहाऱ्यावर होते. पुढच्या लेव्हलचं नाव दिसलं 'रिव्हर गँजेस' आणि मी पळत आत आले, कारण गंगा बघायची होती. आम्ही नाशिकचे, गोदेलाही गंगाच म्हणतो. आणि काय होतं तिथे? ओसाड दरी, गिधाडं, आणि एक चार चाकांची मोटारसायकल जिच्यावरून लारा उड्या मारत जाते. गंगेवर एक माणूस नाही! वाळत घातलेली साडी नाही, झेंडूचं फूल नाही, पिंडदानाचा द्रोण नाही, "ओ ताई, पूजा करायची का" म्हणणारं कोणी नाही. मला तेव्हा राग आला नव्हता. नुसतं चुकल्यासारखं वाटलं, पाहुणा दाराशी येऊन घर न बघता परत गेल्यासारखं.

म्हणून आता 'उत्तर भारत' ऐकल्यावर आधी उडी मारावीशी वाटली आणि मागोमाग पोटात गोळा आला. पुन्हा तेच का? वेली, साप, सहा हातांची मूर्ती, आणि नावापुरती गंगा? एक ट्रेलर बघून एवढा विचार करू नये हे कळतं. तरी विचारते: तुम्हाला काय वाटलं? आणि तुम्ही खेळलेल्या कुठल्या गेममध्ये आपल्याकडची जागा खरोखर आपली वाटली?

(गेम पाच हजारांच्या आसपास पडेल, तो मुद्दा नका काढू. मी पतसंस्थेत कॅशला बसते, मला आकडे कळतात.)

---

डर्बीकर:

ताई, हे वाचून मी बसमध्ये एकटाच हसलो. त्यात मी कुठे राहतो हे माझ्या नावावरून कळेलच. इंग्लंडमधलं हे डर्बी म्हणजे लाराचं माहेर. कोअर डिझाइन, ज्यांनी पहिला टूम रेडर केला, ते इथलेच. गावाने आठवण ठेवली आहे: रिंगरोडच्या एका भागाला नाव काय द्यावं यावर लोकांची मतं घेतली, आणि लोकांनी 'लारा क्रॉफ्ट वे' निवडलं. रस्ता २०१० ला सुरू झाला. विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यामुळे इथे आपली मंडळी बरीच आहेत. माझे बाबा पुण्याहून आले तेव्हा त्यांना ती पाटी दाखवायला नेलं. ते म्हणाले, "या बाई नगरसेविका होत्या का?"

ओसाड गंगेबद्दल मात्र थोडी बाजू घेतो. तुम्ही पीसीवर खेळलात, पण तो गेम प्लेस्टेशनवरही चालायला हवा होता आणि त्या मशीनची मुख्य मेमरी होती २ एमबी. आज मोबाइलने काढलेला साधा फोटोही बहुधा त्यात मावायचा नाही. त्यांची सगळी दुनिया सारख्या मापाच्या चौकोनी ठोकळ्यांची. लाराची उडी ठोकळ्यात मोजलेली, कडा ठोकळ्याच्या, पाणी ठोकळ्याचं. त्यात घाट, घाटावरची गर्दी, प्रत्येकाची हालचाल? शक्यच नव्हतं. लंडनच्या लेव्हल्स त्याच गेममध्ये आहेत, त्यात तरी कुठे लंडनकर दिसतात? छपरं, कावळे आणि बंदूकवाले.

पण हे खरं, की तेव्हा मशीनचं कारण होतं. २०२७ ला, अनरिअल ५ सारख्या आजच्या गेम-इंजिनवर, ते कारण चालणार नाही. त्यामुळे मलाही धाकधूक आहे, फक्त माझी जरा उशिरा सुरू झाली.

---

१०५०_जिंदाबाद:

बाकी सगळं राहू द्या, माझ्या जुन्या जीटीएक्स १०५० ग्राफिक्स कार्डावर चालेल का?

---

गोदाकाठची:

@१०५०_जिंदाबाद, भाऊ, दर धाग्यावर तुम्ही हाच प्रश्न विचारता आणि दर वेळी मला तुमच्या त्या कार्डाची काळजी वाटते. १९९६ चा मूळ गेम चालेल, नक्की.

@डर्बीकर, ठोकळ्यांचं लक्षातच आलं नव्हतं. म्हणूनच चालत कडेशी जायचं, एक पाऊल मागे, मग पळत उडी! आम्ही ते मंत्रासारखं पाठ केलं होतं.

---

मडकीवाला:

नाव का 'मडकीवाला' ते सांगतो. मी गेमसाठी वस्तू बनवणाऱ्या एका स्टुडिओत कामाला आहे. बाहेरच्या मोठ्या गेमांचं काम आमच्याकडे येतं आणि आम्ही मडकी, दगड, पिंपं, दोरखंड, तुटके खांब असलं सामान करून पाठवतो. सात वर्षांत किती मडकी केली असतील देव जाणे. 'कॅटलिस्ट'शी माझा काही संबंध नाही, आधीच सांगून ठेवतो.

ताईंचा प्रश्न भावनेचा आहे, पण चूक कुठे होते ते कामाच्या टेबलावर दिसतं. कुठलीही जागा बनवायला घेतली की आधी संदर्भाच्या फोटोंचा फलक लावतात. कोणीतरी इंटरनेटवर 'इंडियन टेम्पल' शोधतं. त्यात अंकोर वाट येतं (ते कंबोडियात), मदुराईचं गोपुर येतं, हंपी येतं. सगळं सुंदर, सगळं एका फलकावर. मग हिमालयाच्या बर्फात दाक्षिणात्य गोपुर उभं राहतं आणि त्यावर कंबोडियाची झाडाची मुळं. फलकाजवळून जाणाऱ्या दहा माणसांत एकानेही हटकलं नाही की ते तसंच पुढे जातं. दुष्टावा कोणाचाच नसतो.

आणि गंमत म्हणजे खरा उत्तर भारत या गेमला जास्त सोयीचा आहे. हिमाचलात काठकुणी पद्धतीची घरं बघितलीत का? देवदाराची एक आडवी तुळई, मग दगडाचा थर, पुन्हा तुळई, चुना-सिमेंट काही नाही. भूकंपात भिंत हलते पण पडत नाही. आता त्या भिंतीकडे लाराच्या नजरेने बघा. दर दीड-दोन फुटाला लाकडाची आडवी रेघ. म्हणजे आयती शिडी! हल्ली गेममध्ये कुठे चढायचं हे कळावं म्हणून कड्यांना पिवळा रंग फासतात आणि लोक त्यावर वैतागतात. इथे रंगाची गरजच नाही, भिंतच सांगते हात कुठे टाकायचा. मनालीचं हिडिंबेचं देऊळ १५५३ चं, बरंचसं लाकडाचं, एकावर एक छपरं. मला कोणी ती लेव्हल करायला दिली तर मी पगार न घेता करीन. (बायकोने हे वाचू नये.)

कोडी हवीत? जयपूरचं जंतरमंतर. तिथल्या सम्राट यंत्राची भिंत २७ मीटर उंच आहे आणि तिची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. उभं राहून बघितलं तर सरकताना दिसते. अजून काय पाहिजे राव कोडं बनवायला?

एक छोटी गोष्ट, पण माझ्यासाठी हीच खरी परीक्षा: पाट्या. गेममधल्या भिंतीवरच्या पाट्या म्हणजे बहुतेक वेळा चित्रच असतं, फोटोशॉपमध्ये केलेलं. तिथे देवनागरीसाठीची सेटिंग बदलली नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात. करणाऱ्याला वाचता येत नाही, त्याला सगळं सारखंच सुबक. मी ट्रेलर कडेकोपरे थांबवून थांबवून बघणाऱ्यांतला आहे. 'कॅटलिस्ट'चा पुढचा ट्रेलर येईल तेव्हा लारा काय करते ते तुम्ही बघा, मी मागची दुकानं बघीन. वेलांटी जागेवर असली तर समजायचं, खोलीत कोणीतरी आपलं माणूस होतं.

आणि पुण्यात नॉडिंग हेड्स ही गेम बनवणारी मंडळी आहेत हे विसरू नका. त्यांच्या 'राजी'ला २०२० ला याच गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन होतं. राजस्थानी किल्ले, मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांमधून, सांगायला विष्णू आणि दुर्गा. आता त्याचा पुढचा भाग, 'राजी: कलियुग', नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात दाखवला. लाराची वाट बघा, पण तोही यादीत टाका.

---

नाक्यावरचा:

मला हे सगळं जरा जास्तच वाटतंय. पहिल्या गेममध्ये पेरूच्या डोंगरात डायनोसॉर सोडला होता तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या ना? पेरूच्या लोकांना विचारलं होतं का, तुमच्याकडे असतात का म्हणून? इजिप्तची तर तीस वर्षं चाळण केली. आपली पाळी आली की लगेच वेलांटी कुठे आहे? टूम रेडर आहे, भूगोलाचं पुस्तक नाही.

आणि बरोबर-चूक याच्यापेक्षा मजा मोठी असते. 'हिटमॅन २' मध्ये २०१८ ला मुंबईची लेव्हल होती. त्यातल्या एका खलनायकाचं नाव वजीर काळे. वजीर! काळे! हे कुठल्या गावचे काळे? आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर काळे आहेत, त्यांना मी आठवडाभर 'वजीरशेठ' म्हणत होतो. नाव चुकलं म्हणून लेव्हल वाईट झाली का? गर्दी, धोबीकाम, अर्धवट उभा टॉवर आणि खाली झोपडपट्टी, मला तर ती आजवरच्या चांगल्या लेव्हल्सपैकी वाटते. चुका असलेली मुंबई, पण जिवंत. अचूक आणि मेलेली काय कामाची?

---

परशुरामाच्या गावचा:

चिपळूणहून. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) चं नाव कोणीच कसं घेतलं नाही? त्यात आख्खा पश्चिम घाट आहे. कर्नाटकातला दाखवलाय, होयसळांची देवळं वगैरे, पण जीप घेऊन त्या लाल चिखलातून, धबधब्यांखालून फिरताना मला सारखं कुंभार्ली घाटाचं वळण येईल असं वाटायचं. आणि गोष्ट कसली? गणपतीचा मोडलेला दात आणि परशुरामाचा परशू. बापाने दिलेल्या शस्त्राचा मान राखायला गणपती घाव चुकवत नाही, ही गोष्ट त्यातली नायिका क्लोई सांगते तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून ऐकली. आम्हाला ती आजोळी ऐकवलेली. अमेरिकेतल्या लोकांनी बनवलेल्या गेममध्ये ती कोणीतरी अशी सांगतं, घाईत नाही, विनोद नाही. मला एवढं पुरलं.

शिखरं-गोपुरं मला कळत नाहीत. गोष्ट सांगताना आवाज कसा लावतात ते कळतं.

---

गोदाकाठची:

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, आज रविवार आहे.

@नाक्यावरचा, पेरूचा मुद्दा लागला मला. खरंच, मी दहावीत त्या डायनोसॉरवर गोळ्या झाडताना एकदाही पेरूच्या आजीचा विचार केला नव्हता. पण तुम्हीच 'जिवंत' म्हणालात ना? माझंही मागणं तेवढंच आहे. गंगेवर माणसं हवीत. काळे आडनावाचा वजीर असला तरी चालेल. पण कोणीतरी हवं!

@परशुरामाच्या गावचा, 'लॉस्ट लेगसी' भाच्याच्या प्लेस्टेशनवर अर्धवट राहिलाय. ती गोष्ट अजून यायची आहे, आता पुन्हा सुरू करते.

@मडकीवाला, तुमची काठकुणीची भिंत डोक्यातून जात नाहीये. काल आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीकडेही मी त्याच नजरेने बघत होते, हात कुठे टाकता येईल म्हणून. पाट्यांवर मीही लक्ष ठेवीन.

तर काल काय झालं ते सांगायचं होतं. या धाग्यामुळे राहवेना म्हणून पहिल्या तीन टूम रेडरचं रिमास्टर (जुनेच गेम, नव्याने रंगवलेले) घेतलं, २०२४ ला आलेलं. सुरुवातीलाच पाटी येते की यात जुन्या काळातलं वंशांबद्दलचं चुकीचं चित्रण आहे, ते आम्ही पुसलेलं नाही. बरं वाटलं, निदान सांगितलं तरी. एका बटणावर जुनं रूप, नवं रूप बदलता येतं. जुन्या रूपात वाघ म्हणजे गादीची खोळ वाटतो.

भाचा सुट्टीला आलाय, अकरा वर्षांचा. त्याच्या हातात कंट्रोलर दिला. घसरणीवरून तीनदा काट्यांत मेला, शिव्या घातल्या (त्याच्या पिढीच्या, मला अर्थ कळला नाही), आणि मग त्याला उडीची ती चाल शिकवली: कडेशी, एक पाऊल मागे, पळत. अर्ध्या तासात माझ्यापेक्षा बरा खेळायला लागला. माकडाने मेडिपॅक नेला तेव्हा म्हणाला, "आत्या, हे सप्तशृंगीचं माकड आहे." बापावर गेलाय.

टेम्पल रुइन्सला पोचलो तेव्हा रात्रीचे दहा. मूर्ती अंधारात उभी. सासूबाई शेजारी हरिपाठ वाचत होत्या. मी भाच्याच्या कानात म्हटलं, "थांब, त्या आत जाईपर्यंत."

सासूबाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं. "सहा हात? शंकराला चार असतात," म्हणाल्या. "हा कोणीतरी दुसरा आहे. मार त्याला."